फटफटीची मागची सीट

आमच्या घरी फटफटी आली ती बैलबंडीत बसून. वडसा स्टेशनावर ती मालगाडीतून उतरली आणि तिथून दीड दिवस बंडीत, तणसाच्या म्हणजे पेंढ्याच्या गादीवर आडवी पडून, वर पोती पांघरून आमच्या दारात आली. चालत यायची ताकद तिच्यात होती, पण चालवायची अक्कल असलेला माणूस आमच्या आसपासच्या दहा गावांत नव्हता. बैल दमले होते, बंडीवाला चिडला होता आणि गावातली सगळी पोट्टी मागून ओरडत येत होती. माय भाकरतुकडा घेऊन दारात उभी राहिली खरी, पण ओवाळायचं कुणावरून, बैलांवरून की त्या लोखंडावरून, हे तिला कळेना. शेवटी तिने बैलांवरून तुकडा ओवाळून टाकला आणि आत निघून गेली. पुढे जे झालं ते आठवून ती म्हणायची, "म्या तवाच तिच्यावरून ओवाळाले पायजे होतं." मायचं हे म्हणणं खरं असतं तर मला हे प्रकरण लिहायला बसावंच लागलं नसतं.

बाबा एका लाकूड ठेकेदाराकडे मुनीम होते. त्या वर्षी तोडीला दिलेल्या जंगलाच्या तुकड्याला कूप म्हणत. कुपात सागवान आणि बांबू तुटायचा आणि आमच्या गावापासून सहा मैलांवरच्या डेपोत येऊन पडायचा. तिथे बाबा दिवसभर मांडवाखाली बसून लाकडांवर नंबर घालून घेत आणि हमालांशी, बंडीवाल्यांशी बोलून बोलून घसा बसवून घरी येत. ठेकेदाराने नागपूरला मिलिटरीच्या जुन्या सामानातून दोन फटफट्या घेतल्या होत्या. एक त्याने स्वतःच्या पोराला दिली आणि दुसरी बाबांकडे पाठवली, कारण बाबांचा अर्धा दिवस बंडीतच जातो असं त्याचं म्हणणं. बाबांना सायकलसुद्धा धड येत नव्हती. ते फटफटीभोवती दोनदा फिरले, टाकीवर हात ठेवून बघितला, तो काळा झालेला धोतराला पुसला आणि माझ्या भावाला म्हणाले, "मनोहर, तूच शिक बाप्पा. मले हे जनावर नाई जमत."

मनोहरभाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा नापास झाला होता आणि घरात त्याचं काय करायचं हे कुणाला सुचत नव्हतं. फळ्यावरचं लिहिलेलं तो शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घेतो, म्हणून मास्तर त्याला आळशी म्हणत, आणि बाबाही म्हणत. ठेकेदाराच्या ट्रक ड्रायव्हरने त्याला दोन दिवसांत फटफटी शिकवली. तिचा गिअर टाकीच्या बाजूला, हाताने टाकायचा. किक मारताना ती उलटी झटका द्यायची, तेव्हा पहिल्या आठवड्यात भाऊची नडगी सुजून वांग्यासारखी झाली होती. पण तिसऱ्या दिवशी तो एकटा गावाला चक्कर मारून आला आणि तेव्हापासून त्याच्या चालण्याबोलण्यात फरक पडला. जो पोरगा चारचौघांत खाली मान घालून बसायचा, तो आता चावडीसमोरून जाताना उगाच ॲक्सिलेटर पिळायचा. लोक उठून उभे राहायचे, काही कौतुकाने आणि काही भीतीने.

आमच्या घराच्या आवाजात या एका आवाजाची भर पडली. तोवर आमच्या सकाळी कशा असायच्या ते मला अजून ऐकू येतं. पहाटे परसात धान कांडायची मुसळं, मग गोठ्यातली घंटा, मग कवेलूंच्या छपरावर उड्या मारणारी माकडं आणि त्यांच्यामागे मायच्या शिव्या. आता त्यात आठ वाजता फटफटीची किक. पाच-सहा किकांशिवाय ती कधी सुरू होत नसे आणि सुरू झाली की गाय दूध चढवून घ्यायची, कोंबड्या आंबाडीच्या वाफ्यात घुसायच्या. माय चुलीपुढून ओरडायची, "गाय आटवून सोडाल रे मायी!" चुलीवर भात आणि लाखोळीची डाळ, बाजूला आंबाडीची भाजी, उन्हाळ्यात मडक्यात आंबील. मोहफुलं भाजून तिळाबरोबर कुटून माय लाडू करायची, तो वास आणि पेट्रोलचा वास माझ्या नाकात आजही एकमेकांत मिसळलेले आहेत. नातसुना मोहाचे लाडू काहीतरी नवीन पौष्टिक म्हणून दुकानातून आणतात, तेव्हा मला पेट्रोलचा वास का येतो हे त्यांना मी सांगत बसत नाही.

माझं नाव शकुंतला, घरात शकू. मी पंधरा वर्षांची होते, सातवी पास होऊन घरी बसलेली. मुलीला फटफटीवर बसू देणं त्या काळात कुणाच्या स्वप्नात येण्यासारखं नव्हतं. मला ती संधी मिळाली ती डब्यामुळे. बाबा पहाटेच बंडीने डेपोवर जात. फटफटी आली तरी त्यांची बंडी काही सुटली नाही. दुपारचं जेवण मात्र भाऊ फटफटीने नेऊ लागला. पहिल्या दिवशी त्याने डबा मागच्या सीटला दोरीने बांधला आणि डाळ सगळी रस्त्याला पाजली. दुसऱ्या दिवशी हँडलला अडकवला, तर भात पितळी डब्याच्या झाकणासकट एका नाल्यात गेला. तिसऱ्या दिवशी बाबा उपाशी राहिल्यावर मायने नाइलाजाने म्हटलं, "शकूले घेऊन जाय. डबा धरून बसंल." मागे चाकावरच्या लोखंडी जाळीवर पोत्याची घडी बांधून केलेली ती सीट. मी त्यावर एका बाजूला पाय सोडून, मांडीत डबा घेऊन बसले आणि गावाबाहेरचं मोहाचं झाड मागे पडल्यावर भाऊने गाडी सोडली.

त्या सुखाचं वर्णन मला आजही करता येत नाही आणि त्याचा राग येतो. सगळं आयुष्य मी चार भिंतींच्या आत आणि चार माणसांच्या नजरेत चालले, आणि सहा मैलांच्या त्या लाल मातीच्या रस्त्यावर मला कुणी बघू शकत नव्हतं, कारण बघेपर्यंत आम्ही पुढे गेलेलो असायचो. दोन्ही बाजूंना सागाची झाडं पळायची. डोक्यावरचा पदर मागे उडायचा आणि मी तो धरत नसे. नाल्याच्या उतारावर पोटात खड्डा पडायचा आणि मी ओरडायचे, भाऊही ओरडायचा. घरी आम्ही दोघं एकमेकांशी फार बोलत नव्हतो. तो मोठा, मी लहान, त्यात मुलगी. रस्त्यावर मात्र तो वळून विचारायचा, "भेव लागून राह्यलं का व?" आणि मी म्हणायचे, "अजून पळव!"

तो पुढे बघत नाही हे मला पंधरा दिवसांनी कळलं. खरं सांगायचं तर तो बघत होता, पण त्याला दिसत नव्हतं. एकदा तो म्हणाला, "थांब, मोहरं टरक उभा आहे, बाजूनं काढतो." मी पाहिलं तर तो तणसाचा ढीग होता. मी हसले. त्याने गाडी थांबवली, उतरला, ढिगाजवळ चालत गेला, हात लावून आला आणि माझ्याकडे न बघता पुन्हा किक मारू लागला. मग एकदा म्हशींच्या कळपाला तो काळा दगड समजला. दगड उठून चालायला लागल्यावर त्याने ब्रेक मारला आणि आम्ही दोघंही डब्यासकट रस्त्याच्या कडेला बोरीत. काटे काढता काढता मी सरळ विचारलं, "भाऊ, तुले दुरून दिसत नाई का?" त्याने बाहीतला काटा उपटून फेकला. मग म्हणाला, "कोणाले सांगजो नोको. बाबा फटफटी ठेकेदाराले वापस करतीन." तो पुढे म्हणाला, "अना मंग तूही घरीच बसशीन." पोरगा मॅट्रिक नापास होता, पण कुठे बोट ठेवायचं ते त्याला बरोबर कळलं होतं.

झालं, मी त्याचे डोळे झाले. आमची खुणेची भाषा ठरली. उजव्या खांद्यावर चापटी मारली की उजवीकडे, डाव्या खांद्यावर मारली की डावीकडे, दोन्ही खांद्यांवर एकदम मारली की थांब. त्यासाठी डबा मांडीत घट्ट दाबून दोन्ही हात मोकळे ठेवावे लागत. या नव्या कामाचा मला सुरुवातीला केवढा अभिमान! आठ दिवसांत अभिमान संपला आणि वैताग सुरू झाला. मी उजवीकडे मारावं आणि त्याने विचारावं, "काऊन? काय आहे तिथी?" तोवर ते तिथी अंगावर आलेलं असायचं. मी जोरात मारलं की तो चिडायचा, हळू मारलं की त्याला कळायचं नाही. मी एकदा म्हटलं, मला चालवायला शिकव, मी पुढे बसते, तू मागे डबा धर. तो इतका हसला की गाडी चाकोरीतून बाहेर गेली. म्हणाला, "बायकाच्या हातानं किलच दबत नाई." ज्याला दिसत नव्हतं त्याच्या हातात हँडल, आणि जिला दिसत होतं तिच्या मांडीत डाळभात. याला कुणाचाच इलाज नव्हता. बायकांना क्लच दाबता येत नाही हे त्याने कुठे वाचलं होतं देव जाणे. माझी सून रोज स्कूटर घेऊन बाजारात जाते, तिला मी आजवर याबद्दल विचारलेलं नाही, कारण मला उत्तर माहीत आहे.

आम्ही थांबायला हवं होतं ती वेळ येऊन गेली होती, आणि ती मला स्वच्छ आठवते. फाल्गुन संपत आला होता. रस्त्यावर बांबूच्या बंड्यांची रांग चालली होती. बंडीपेक्षा बांबू लांब, मागे दहा-दहा हात बाहेर आलेले, शेंड्याला लाल चिंधी बांधलेली. धुरळ्यात भाऊला बंडी दिसली, पण तिच्यामागचे ते शेंडे दिसले नाहीत. तो सरळ त्यांच्यावर चालला होता. मी चापटी विसरले, डबा सोडला आणि दोन्ही मुठींनी त्याच्या पाठीवर धपाधप मारत किंचाळले. गाडी घसरत थांबली तेव्हा पहिला बांबू त्याच्या छातीपासून वीतभर होता. भाऊने हात पुढे करून ती चिंधी चाचपून पाहिली. बंडीवाला वळून म्हणाला, "डोळे फुटले का बे?" आणि भाऊ म्हणाला, "फटफटीचा बिरेक लागून नाई राह्यला." त्या दिवशी घरी गेल्यावर मी मायला सांगणार होते. तिच्या पाठीमागे चुलीपाशी जाऊन उभीही राहिले. माय म्हणाली, "काय पायजे?" आणि मला उद्याचा रस्ता दिसला, सागाची झाडं, नाल्याचा उतार. मी म्हटलं, "आंबील." तिने वाटी भरून दिली आणि मी ती तिथेच उभ्याने प्याले.

ज्येष्ठ लागला. पावसाआधी सगळा माल उचलायचा म्हणून दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचे ट्रक येणार होते आणि भरायला माणसं हवी होती. माणसं डेपोपलीकडच्या हेटीतून यायची. हेटी म्हणजे वीस-पंचवीस घरांची जंगलातली वस्ती, सगळी गोंड माणसं, त्यांचा देव, पेन, वेगळा आणि रीत वेगळी. त्यांच्यात दरवर्षी पेरणीआधी एक दिवस गाव बांधतात. रोगराई, वाईट वारं गावात येऊ नये म्हणून भूमक, म्हणजे त्यांच्या देवाचं करणारा माणूस, शिवेवरून फिरतो आणि गावात येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर पळसाच्या मुळांच्या वाखाचा दोर आडवा बांधतो. दोराला हिरवी पानं खोवलेली असतात. दिवस मावळेपर्यंत कुणी आत जायचं नाही, कुणी बाहेर यायचं नाही. नेमका तोच दिवस होता आणि बाबांना हे ठाऊक होतं. ते त्या लोकांत वीस वर्षं वागले होते आणि त्यांची रीत मोडायचं त्यांच्या मनातही आलं नसतं. ते म्हणाले, "शिवेवर दोराच्या इकून उभं राहून आवाज देऊ. तिकडचे मानसं तिकूनच बोलतीन. चाल मनोहर, फटफटी काढ." बंडीने जाऊन निरोप देऊन परत डेपो गाठायला वेळ नव्हता. आयुष्यात दुसऱ्यांदा बाबा फटफटीवर बसणार होते. पहिल्यांदा बसले तेव्हा सहा मैल डोळे मिटून राम राम म्हणत होते आणि उतरल्यावर त्यांना रस्त्यातलं काहीच सांगता आलं नव्हतं.

आणि मी त्याच सकाळी बाहेर बसले होते. महिन्याचे चार दिवस पडवीच्या टोकाला, वेगळं तरट, वेगळा तांब्या, कशाला शिवायचं नाही. मी उठून पुढे झाले तर माय ओरडली, "फटफटीले शिवू नोको!" भाऊ किक मारत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे पडवीकडे बघितलं, मी त्याला कितपत दिसत होते कुणास ठाऊक. मला सगळं माहीत होतं. रस्त्यात दोर आहे हे माहीत होतं, भाऊला तो दिसणार नाही हे माहीत होतं, आणि मागे बसणारा माणूस डोळे मिटून बसतो हेही माहीत होतं. बाबांना थांबवायला एक वाक्य पुरे होतं. मी इतकंच म्हटलं, "भाऊ, हळू चालवजो." पंधरा वर्षांच्या मुलीला पुढचं कळत नाही असं लोक म्हणतात. मला कळत होतं. मला फक्त फटफटी जायला नको होती.

दुपारी त्यांना बंडीतून आणलं. दोर छातीच्या उंचीवर होता. दोर अंगावर येईपर्यंत भाऊ नेहमीच्याच वेगात होता. दोराने त्याला उचलून मागे फेकलं, तो बाबांवर पडला, बाबा उजव्या हातावर पडले, आणि फटफटी दोर तोडून, पानं चाकात गुंडाळून, शिवेच्या आत जाऊन पडली. भाऊच्या गळ्याखाली दोराचा लाल वळ उठला होता आणि खांद्याचं हाड मोडलं होतं. बाबांचा हात कोपरापासून भलतीकडे वळला होता. दोघांना पडवीसमोरच्या खाटांवर टाकलं. हाडं बसवणारा वैदू आला, बांबूच्या पट्ट्या बांधल्या, बाबांच्या तोंडात कापडाचा बोळा दिला. तो आवाज मी पडवीच्या टोकाला बसून ऐकला, कारण मला पाणी द्यायलासुद्धा पुढे जाता येत नव्हतं. तो हात वाकडाच बसला. पुढे बाबा जगले तेवढी वर्षं डाव्या हाताने जेवले, आणि कुणाच्या घरी पंगतीला जायचं त्यांनी बंद केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हेटीतली तीन माणसं आली. पुढे भूमक, म्हातारा, खांद्यावर घोंगडी. मायने चहा केला, त्यांनी घेतला नाही, तेव्हाच बाबांचा चेहरा उतरला. भूमक खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मुनीमजी, पेनाच्या नावानं बांधला होता दोर. तुटला. गाव उघडं पडलं. आता कोणाचं जनावर मेलं, कोणाचं लेकरू पडलं, तं लोक काय म्हणतीन?" बाबा म्हणाले, "चूक झाली भाऊ. म्या तं शिवेवरच थांबणार होतो." भूमक म्हणाला, "तुमाले मी ओळखतो. मले पोराले इचारू द्या. पोरा, दोर दिसला का नाई दिसला? नाई दिसला असंल तं आपघात झाला. आमी दोर पुन्हा बांधू, तुम्ही एक नारेल द्या, खतम. पन दिसून तोडला असंल, तं आमच्यातला एक मानूस तुमच्या डेपोवर पाय ठेवनार नाई, अना तुमी आमच्या शिवेत पाय ठेवाचा नाई."

भाऊ खाटेवर पट्ट्यांत बांधलेला पडला होता. मला वाटलं, सुटला. "नाई दिसला" एवढे दोन शब्द बोलले की झालं. त्याने वर बघत म्हटलं, "दिसला होता."

बाबा उठून बसले. "दिसला होता? मंग थांबला काऊन नाई बे?"

"नाई थांबावं वाटलं."

मला हसू येईना आणि रडू येईना. माजलेला, उद्धट, देवधर्म न मानणारा म्हणवून घ्यायला तो तयार होता. आपल्या बापाचं काम, वीस वर्षांचा माणसांचा लोभ, सगळं घालवायला तयार होता. पण दिसत नाही असं म्हणायला तयार नव्हता. बाबांचा डावा हात त्याला मारायला उठला आणि दुखण्याने तसाच खाली आला. भूमक उठायला लागला. तो उठून फाटकाबाहेर गेला असता तर सगळंच संपलं असतं.

मी पडवीतून अंगणात उतरले. घागर घेऊन निघालेली माय म्हणाली, "मागं हो, मागं हो, इटाळ होईन," पण मी थांबले नाही. मी म्हटलं, "त्याले दिसत नाई. दुरचं काहीच दिसत नाई त्याले."

"चूप बस!" भाऊ ओरडला. "खोटं बोलून राह्यली हे!"

भूमक पुन्हा खाली बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं, भाऊकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पोरा, त्या फाटकापाशी कोन उभं आहे?"

अंगण वीस-पंचवीस पावलांचं. फाटकापाशी मायच उभी होती. विटाळ झाला म्हणून माझ्यापासून दूर सरकत सरकत ती तिथवर गेली होती. उन्हात, तोंड आमच्याकडे, कडेवर पाण्याची घागर. भाऊने मान वर केली, डोळे बारीक केले, बराच वेळ पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "बंडीवाला आहे. काल आला होता तोच."

मायने घागर खाली ठेवली आणि तोंडात पदर घातला. भूमक उठला, भाऊच्या खाटेपाशी गेला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "आपघात होता मुनीमजी. दोर मी उद्या बांधतो." मग त्याने स्वतःहून चहा मागितला. मायने डोळे पुसत पुन्हा चूल पेटवली, तिघांनी बशीत ओतून चहा घेतला, नारळ घेतला आणि ते निघून गेले. मी अंगणातच उभी होते, कुठे जायचं ते न कळून.

तेव्हा बाबांनी मला हाक मारली. रागाने नाही, हळूच. "शकू, तुले कवापासून माहीत होतं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. मी भाऊचं खोटं चारचौघांत उघडं केलं होतं, आणि बाबांचा तो हात माझ्यासमोर पट्ट्यांत पडलेला होता. सहा महिने, तणसाचा ढीग, म्हशी, वीतभर अंतरावरचा बांबू. सगळं जिभेवर होतं. मी म्हटलं, "परवापासून. तुमाले बंडीतून आणलं तवा भाऊनं सांगतलं."

भाऊने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या खाटेला लागूनच उभी होते, इतक्या जवळून त्याला सगळं स्वच्छ दिसायचं. आता हा बोलेल, आता हा सगळं सांगेल, मी डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, "हो. परवाच सांगतलं मी तिले."

भाऊ जाऊन आता तीन वर्षं झाली. चष्मा लागला, पुढे तो शिकला, शिक्षक झाला, त्याच्या वर्गात पहिल्या बाकावर कोण बसणार हे तो स्वतः ठरवायचा. आम्ही दोघं म्हातारे झालो, एका खोलीत तासन् तास बसलो, पण त्याने त्या एका वाक्याचा विषय कधी काढला नाही आणि माझीही कधी हिंमत झाली नाही. बाबांनाही ते कधी कळलं नाही. त्या दिवशी ते खाटेवर बसल्या बसल्या भाऊकडे वळून म्हणाले, "पाह्य. पोरीले दोन दिवस झाले माहीत होऊन, अना सोवळंओवळं सोडून चार मानसांत येऊन बोलली. अना तुले एवढे दिवस माहीत होतं, तू मले मागं बसवून घेऊन गेला. शिक काही तिच्यापासून."

"हो बाबा," भाऊ म्हणाला.

मी खाली मान घालून उभी राहिले, आणि सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली.